हवा तेवढीच, गाडी आईची

मोबाइलवर गाड्यांच्या रील बघणाऱ्यांच्या कानात एक आवाज पक्का बसलेला असतो. छोटीशी होंडा, आरपीएमचा काटा चढत चाललेला. साडेपाच हजारांच्या आसपास इंजिनाचा सूर अचानक बदलतो. गुरगुरणं संपतं आणि किंचाळणं सुरू होतं. खाली कॉमेंटमध्ये ‘व्हीटेक’चा गजर. आपल्याकडेही २००० च्या सुमाराला आलेल्या १.५ लिटरच्या होंडा सिटी व्हीटेकवर, तिच्या १०६ अश्वशक्तीवर, जीव लावून बसलेले लोक आहेत. ती गाडी विकायला काढली तर पहिला फोन हमखास एखाद्या विशीतल्या मुलाचा येतो.

हा आवाज जन्मला जपानमध्ये. शर्यतीच्या पट्टीवर त्याला मान मिळवून दिला तो दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुलांनी, आणि तोही अशा गाड्यांत, ज्या त्यांच्या आईवडलांनी ऑफिसला जायला आणि वाणसामान आणायला घेतल्या होत्या. टर्बो नाही, सुपरचार्जर नाही, नायट्रसची बाटली नाही. वातावरणात जेवढी हवा आहे तेवढीच इंजिनानं ओढायची आणि तिच्यावर पाव मैल मारायचा. इंजिनांच्या भाषेत याला नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड म्हणतात; ड्रॅगच्या मैदानावर या गटाचं नाव पडलं ‘ऑल मोटर’. सगळं काही मोटरचंच, बाहेरची मदत शून्य.

ड्रॅग रेसिंगला वळणदार ट्रॅकवरचे लोक जरा नाकं मुरडतात. सरळ रस्ता, ४०२ मीटर, दोन गाड्या, हिरवा दिवा. यात डोकं कुठे लागतं, असं त्यांचं म्हणणं. पण हा अमेरिकेतल्या सामान्य घरांतल्या मुलांचा खेळ होता. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानतळांच्या धावपट्ट्या रिकाम्या पडल्या होत्या आणि सैन्यातून परतलेल्या तरुणांना यंत्रं खोलता-जोडता येत होती. १९५० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आनाच्या विमानतळावर पैसे घेऊन शर्यती भरवणं सुरू झालं. १९५१ मध्ये वॉली पार्क्सनं नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, काढली. रस्त्यावर जीव घेणारी पोरं पट्टीवर आणावीत, हा हेतू. गाड्या अर्थातच अमेरिकी, इंजिनं अर्थातच आठ सिलिंडरची. मोठं इंजिन जास्त हवा ओढतं, जास्त पेट्रोल जाळतं, जास्त ढकलतं. घनमापाला पर्याय नाही, हे त्या जगातलं पहिलं आणि शेवटचं सूत्र.

सिव्हिक अमेरिकेत पोचली ती १९७३ मध्ये, बाराशे सीसीच्याही आतलं इंजिन घेऊन. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेलसंकट आलं, पंपांवर रांगा लागल्या आणि ज्या गाडीला लोक हसत होते तिच्यासाठी शोरूममध्ये नाव नोंदवू लागले. १९७५ च्या मॉडेलमध्ये सीव्हीसीसी इंजिन आलं. नव्या प्रदूषण कायद्याची अट त्यानं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर न लावता पुरी केली. डेट्रॉइटच्या बड्या कंपन्या ही अट लगेच पाळणं अशक्य आहे असं सांगत होत्या, त्यामुळे ही चपराक जिव्हारी लागली.

जपानी गाड्या वाढल्या, डेट्रॉइटचे कारखाने मंदावले, कामगार घरी बसले आणि राग गाडीवरून माणसांवर घसरला. १९८२ मध्ये डेट्रॉइटजवळ व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला मोटारउद्योगाशी संबंधित दोघांनी बेसबॉलच्या बॅटनं मारलं. तो जपानी नव्हताच, पण मारणाऱ्यांना फरक पडत नव्हता. राज्याच्या कोर्टात शिक्षा झाली तीन वर्षांचं प्रोबेशन आणि तीन हजार डॉलर दंड. या पार्श्वभूमीवर जपानी गाडी सजवणाऱ्या किंवा पळवणाऱ्या मुलाला पट्टीवर जो शब्द ऐकावा लागायचा तो नुसती थट्टा नव्हता. त्याच्या गाडीला ‘राइस’ म्हणायचे. भात खाणाऱ्यांची गाडी. (आपणही दोन्ही वेळा भात खाणारी माणसं, यात शिवी कुठे आहे ते कळायला वेळ लागतो. कळल्यावर मात्र ती बराच वेळ टोचत राहते.)

लॉस एंजेलिसच्या बंदरात टर्मिनल आयलंड नावाचं बेट आहे. ड्रॅग रेसिंगच्या इतिहासात त्याचं नाव येतं, पण त्याआधीही ते एका वेगळ्या इतिहासात आलेलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे जपानी कोळ्यांची वस्ती होती. सुमारे तीन हजार माणसं, मासे डबाबंद करणारे कारखाने, शाळा, देवळं. पर्ल हार्बरनंतर, फेब्रुवारी १९४२ मध्ये, नौदलानं त्यांना ४८ तासांत बेट सोडायला सांगितलं. होड्या, भांडी, जाळी मिळेल त्या भावानं विकली गेली आणि माणसं पुढे छावण्यांत गेली. वस्ती जमीनदोस्त झाली. १९७४ मध्ये त्याच बेटावर ब्रदरहूड रेसवे पार्क उघडलं. ते चालवणारा ‘बिग विली’ रॉबिन्सन हा धिप्पाड कृष्णवर्णीय माणूस १९६५ च्या वॉट्स दंगलीनंतर एकच गोष्ट सांगत फिरत होता: वेगवेगळ्या वंशांची पोरं एकमेकांशी शर्यत लावत असतील तर ती एकमेकांना मारत नाहीत. पट्टी अधूनमधून बंद पडली, पुन्हा उघडली आणि १९९० च्या दशकाच्या मध्याला कायमची गेली. ज्या जमिनीवरून जपानी आडनावं उपटून काढली होती तिथे काही दशकांनी जपानी बनावटीच्या गाड्या रांगेत उभ्या राहिल्या, हा योगायोगच. पण तो लक्षात राहतो.

स्वतःची हक्काची जागा मात्र या गाड्यांना मिळाली ती जरा दूर, पामडेलला. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, डोंगर ओलांडल्यावर लागणाऱ्या मोहावी वाळवंटात, एलएसीआर नावाची पट्टी होती. १९९० मध्ये फ्रँक चोई यानं तिथे फक्त परदेशी छोट्या गाड्यांसाठी ‘बॅटल ऑफ द इम्पोर्ट्स’ भरवलं. व्ही-एटवाल्यांच्या स्पर्धेत कोपऱ्यात उभं राहून टोमणे ऐकण्यापेक्षा आपला दिवस, आपली पट्टी. आशियाई वंशाची मुलं तर होतीच, त्यांच्याबरोबर लॅटिनो, कृष्णवर्णीय आणि गोरी मुलंही होती. त्यांच्यात समान धागा एवढाच की खिशात फारसं काही नाही आणि हाताशी सिव्हिक आहे.

आता त्या सिव्हिकचं बघू, कारण खरी गोष्ट तिच्या बॉनेटखाली आहे.

१९९२ ची सिव्हिक हॅचबॅक, सगळ्यात स्वस्त सीएक्स प्रकार. १.५ लिटर, ७० अश्वशक्ती. मायलेजसाठी बनवलेली गाडी. पण तिचं वजन साधारण ९५० किलो, आणि ज्यांनी ही गाडी निवडली त्यांनी वजनाचा हा आकडा आधी वाचला होता. दुसरीकडे १९८९ मध्ये जपानमध्ये इंटेग्रामध्ये बी१६ए हे १.६ लिटरचं इंजिन आलं होतं: १६० अश्वशक्ती, टर्बोशिवाय. लिटरमागे शंभर. इकुओ काजितानी या इंजिनिअरच्या चमूनं ते केलं, आणि शंभराचा आकडा गाठून बघा असं सुचवणारे नोबुहिको कावामोतो पुढे होंडाचे अध्यक्ष झाले.

ते कसं जमलं? इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. क्रँकच्या दर दोन फेऱ्यांत ते एकदा पूर्ण भरतं. पाच लिटरचं इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्या मारत असेल तर ते दहा हजार लिटर हवा ओढेल; १.६ लिटरवाल्याला तेवढी ओढायची तर बारा हजारांच्या वर फिरावं लागेल. छोट्या इंजिनाला वाट एकच: वेगानं श्वास घे. अडचण अशी की आठ हजार आरपीएमला नीट श्वास घ्यायचा तर व्हॉल्व्ह जास्त उंच आणि जास्त वेळ उघडे ठेवावे लागतात, आणि तसे ठेवले की सिग्नलला गाडी थरथरते, झटके खाते, बंद पडते. होंडानं दोन्ही स्वभाव एकाच इंजिनात बसवले. कॅमशाफ्टवर प्रत्येक व्हॉल्व्हजोडीसाठी दोनऐवजी तीन उंचवटे; कडेचे दोन साधे, मधला उंच. खालच्या फेऱ्यांत मधला नुसताच फिरतो. वर गेल्यावर तेलाच्या दाबानं एक पिन सरकते, तिन्ही रॉकर एकमेकांत अडकतात आणि व्हॉल्व्ह मधल्याच्या तालावर नाचू लागतात. रीलमधला तो किंचाळीचा क्षण म्हणजे ही पिन.

अमेरिकेत १९९४ च्या इंटेग्रा जीएस-आरमध्ये याच घराण्यातलं १.८ लिटरचं, १७० अश्वशक्तीचं इंजिन मिळू लागलं. आणि कोणाच्या तरी लक्षात आलं की ते त्या स्वस्त सिव्हिकमध्ये फार कापाकापी न करता बसतं. कागदावरचं गणित बघा: त्या काळची मस्टँग ५.० म्हणजे २२५ अश्वशक्ती आणि १४०० किलोंच्या वर वजन. इंजिन बदललेली सिव्हिक १७० अश्वशक्ती आणि हजार किलोंच्या आसपास. किलोमागची ताकद सिव्हिकची जास्त! टॉर्कमध्ये मस्टँग खूप पुढे, सुटतानाची पकडही तिचीच चांगली, त्यामुळे कागद आणि पट्टी एक नव्हेत. पण हरणार हे ठरलेलंच, असं आता कोणी म्हणू शकत नव्हतं.

इंजिनं आली कुठून हाही एक इतिहासच आहे. जपानमध्ये गाडी जुनी झाली की तपासणीचा खर्च इतका चढतो की चांगल्या चालत्या गाड्या भंगारात निघतात. त्यांची इंजिनं कंटेनर भरभरून कॅलिफोर्नियात उतरत. हा सरळ मार्ग. वाकडा मार्ग असा की रात्री पार्क केलेली इंटेग्रा सकाळी विटांवर उभी मिळायची. विमा कंपन्यांच्या चोरीच्या याद्यांत इंटेग्रा वर्षानुवर्षं वरच्या जागी होती. या छंदाचे गोडवे गाताना ही बाजू लोक गाळतात. ज्याची गाडी गेली तोही बहुतेक वेळा तसाच बेताच्या पगाराचा माणूस होता.

कारखान्यातलं इंजिन बसवलं की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. पाव मैलाचा वेळ वजन आणि ताकदीच्या गुणोत्तराच्या घनमुळाप्रमाणे कमी होतो, हे ढोबळ गणित. त्याचा अर्थ फार क्रूर आहे. १४ सेकंदांवरून १३ वर यायला सुमारे २५ टक्के जास्त ताकद लागते. ११ वरून १० वर यायला ३३ टक्के. म्हणजे जितकं पुढे जाल तितका तोच एक सेकंद महाग. टर्बोवाला दाब वाढवून ही किंमत चुकवतो. ऑल मोटरवाल्याला ती पै पै जमवून चुकवावी लागते.

म्हणून आधी मागची सीट गेली. मग गालिचे, एसी, स्टिरिओ, दारांतले लोखंडी दांडे, काचांच्या जागी प्लास्टिक. मग पिस्टन: कारखान्यात कॉम्प्रेशन दहा-अकराला एक असे, ते तेरा-चौदाच्या पुढे नेलं, आणि त्याबरोबर पंपावरचं पेट्रोल बाद होऊन शर्यतीचं महाग इंधन आलं. मग कॅमशाफ्ट, कडक स्प्रिंगा, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल. एक्झॉस्टच्या नळ्यांची लांबी तर सेंटिमीटरनं मोजत. नळीतून जाणारा दाबाचा धक्का टोकाला आपटून परत येतो. तो नेमक्या वेळी परत आला तर पुढची हवा ओढून घेतो आणि सिलिंडर त्याच्या मापापेक्षाही जास्त भरतो. पंपाशिवाय पंप. तबल्याला शाई लावणाऱ्यासारखं हे काम: थोडं घासायचं, वाजवून बघायचं, पुन्हा घासायचं.

आणि मग घनमाप, ज्याला पर्याय नाही. होंडाचं साधं, बिनव्हीटेकचं १.८ लिटरचं इंजिन भंगारात स्वस्त मिळे. त्याच्या ब्लॉकवर व्हीटेकचं हेड बसवायचं, आणि हेडला तेल पोचावं म्हणून बाहेरून एक नळी काढायची. नंतर नजर गेली सीआर-व्हीकडे. होय, तीच, कुटुंबवत्सल, उंच, मुलांना शाळेत सोडणारी. तिच्या इंजिनाचा बोअर ८४ मिलिमीटर, बी१६चा ८१. म्हणजे जवळजवळ दोन लिटर. कारखान्यात ते १२६ अश्वशक्तीचं गरीब जनावर होतं. त्यावर व्हीटेकचं हेड चढवलं की त्याचा स्वभाव पालटे. फुकट काहीच नव्हतं: सिलिंडरच्या भिंती पातळ, आणि स्ट्रोक ८९ मिलिमीटर. नऊ हजार आरपीएमला अशा इंजिनाचा पिस्टन सरासरी सेकंदाला पावणेसत्तावीस मीटर धावतो आणि प्रत्येक स्ट्रोकच्या टोकाला पूर्ण थांबून उलटा फिरतो. बी१६चा स्ट्रोक ७७.४, म्हणून तो त्याच फेऱ्यांना सव्वातेवीसवर निभावतो. लांब स्ट्रोकवाल्यांचे कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आलेले फोटो त्या काळच्या प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर शोभतील.

गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, ही वेगळीच पीडा. गाडी सुटताना वजन मागे जातं आणि ओढणारी चाकं नेमकी हलकी होतात. मागच्या चाकांच्या गाड्यांना याच गोष्टीचा फायदा होतो. म्हणून सिव्हिकच्या पुढे रुंद मऊ टायर आणि मागे सायकलसारखे बारीक, मागच्या स्प्रिंगा दगडासारख्या. मागे लावलेले दांडेही इथे उलट्या कामाचे: पुढचं चाक हवेत उडू नये म्हणून नव्हे, तर मागची बाजू बसून पुढची पकड सुटू नये म्हणून.

इतकं करून पामडेलला जायचं, आणि तिथे खुद्द हवाच कमी! पट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर. हवेचा दाब नऊ टक्क्यांनी कमी, वर वाळवंटातली उष्णता. टर्बोवाला ही तूट बरीचशी भरून काढतो. ऑल मोटरवाल्याची तेवढी ताकद डोंगर चढतानाच गेलेली असते. न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनच्या पट्टीवर, जवळजवळ समुद्रपातळीवर आणि थंड हवेत, तीच गाडी जास्त चांगला वेळ देणार. (एडिसनला राहणाऱ्या मराठी मंडळींना इंग्लिशटाउन माहीत असतं ते तिथल्या जुन्या बाजारामुळे.) त्यामुळे या गटातली माणसं हवामानाचा अंदाज शेतकऱ्यासारखा बघू लागली: तापमान, दमटपणा, दाब, आणि त्याप्रमाणे जेट आणि टायमिंग.

१९९८ मध्ये ‘व्हाइब’ मासिकात न्यू यॉर्कच्या रस्त्यांवरच्या शर्यतींवर केन ली यांचा लेख आला. त्यावरून २००१ मध्ये ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ निघाला आणि साऱ्या जगाला नायट्रसचं बटण कळलं. पैसा आला, कंपन्यांचे स्टिकर आले, एनएचआरएनं छोट्या गाड्यांची वेगळी मालिका सुरू केली. ज्या संस्थेच्या मैदानांवर ही मुलं उपरी होती तिच्याच कार्यक्रमपत्रिकेत आता ‘ऑल मोटर’ छापून येऊ लागलं. टर्बोच्या गाड्या अर्थातच त्यांच्याहून कितीतरी वेगवान होत्या. तरीही जाणकार पिटमध्ये ऑल मोटरच्या गाड्यांभोवती जास्त वेळ रेंगाळत, कारण तिथे इंजिन बांधणाऱ्याचा हात दिसतो.

याला गरिबांची शर्यत म्हणणं मला मात्र पटत नाही. सुरुवात तशी होती खरी. पण हवा सगळ्यांना सारखी असली तरी ती ओढायची साधनं सारखी नसतात. टर्बो लावून शंभर अश्वशक्ती वाढवणं जितक्या पैशांत होतं, तितक्यात ऑल मोटरवाल्याची वीस-पंचवीसही धड वाढत नाहीत. दशकभरात हा गट अश्वशक्तीमागे सगळ्यात महागड्या गटांपैकी एक झाला. आईच्या गाडीतून आलेला मुलगा स्टीलच्या नळ्यांच्या सांगाड्याच्या गाडीशेजारी उभा राहू लागला.

एनएचआरएची ती मालिका २००७ च्या हंगामानंतर बंद झाली. त्याच वर्षी पामडेलची पट्टीही बंद पडली. इंग्लिशटाउनला २०१८ मध्ये ड्रॅग थांबलं. टर्मिनल आयलंडवर आज कंटेनरांच्या थप्प्या आहेत आणि पाण्याकडे तोंड करून जुन्या कोळीवस्तीचं एक स्मारक.

गाड्या मात्र थांबल्या नाहीत. २००१ नंतर होंडाचं के मालिकेचं इंजिन आलं. ते बी मालिकेच्या उलट दिशेनं फिरतं, एक्झॉस्टही पुढे नसून मागे, त्यामुळे जुन्या सिव्हिकमध्ये ते बसवायला सगळी मांडणी नव्यानं करावी लागली. तीही झाली. आजच्या ऑल मोटरवाल्यांत एक आवडती जुळणी अशी: हेड दोन लिटरच्या स्पोर्टी इंजिनाचं आणि ब्लॉक २.४ लिटरचा. हा ब्लॉक हवा असेल तर लोक भंगारच्या यार्डात स्पोर्ट्स कारच्या रांगेत जात नाहीत. ते पलीकडच्या रांगेत जातात, जिथे मागच्या सीटवर बिस्किटाचा चुरा पडलेल्या, दारावर ओरखडे असलेल्या सीआर-व्ही उभ्या असतात.